न चाखताच दिलेला निकाल

माझे भांडण कार्यक्रमाशी नाही, हे आरंभीच सांगून टाकते. दूरचित्रवाणीवर पाककलेच्या स्पर्धा होतात. दिवाळी जवळ आली की त्यांचा एक खास भाग होतो. त्यात नटूनथटून आलेल्या बायका आणि पुरुष घड्याळाच्या काट्याशी झुंजत ओव्हनमध्ये करंज्या भाजतात, केकवर पणत्या काढतात, लाडवाच्या पोटात चॉकलेट भरतात. आणि तीन परीक्षक एकेक घास जिभेवर घोळवून निकाल देतात. देईनात बापडे! ज्याला पाहवत नसेल त्याने बटण दाबावे. माझे भांडण आहे ते तुमच्या-आमच्या घरी, मांडी ठोकून, हातात चिवड्याची वाटी घेऊन बसलेल्या चौथ्या परीक्षकाशी.

हा चौथा परीक्षक मोठा विलक्षण प्राणी आहे. पहिल्या तिघांनी निदान पदार्थ तोंडात तरी घातलेला असतो. याच्यापर्यंत चव पोचत नाही, वास पोचत नाही, करंजी मोडल्याचा आवाजही पोचतो तो वाद्यांच्या कल्लोळात बुडून. तरी याचा निकाल सर्वांआधी तयार असतो. तो निकाल ऐकला की मला आमच्या गावाकडच्या त्या पंचांची आठवण होते, जे फिर्याद वाचण्याआधी फिर्यादीचे आडनाव विचारीत.

गेल्या वर्षी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत हाच विषय निघाला होता. रात्रीच्या भागात कोणी एका मुलीने अनारशाच्या पिठाची बिस्किटे भाजली होती. गणिताचे सर म्हणाले, “हे आपले नव्हे.” हिंदीचे सर म्हणाले, “संस्कृतीची चेष्टा लावली आहे.” खेळाच्या सरांनी तर उद्या शेणाच्या गोवर्धनालाही आयसिंग लावतील असे भाकीत केले, आणि सगळे पोट धरून हसले. अनारशाचे पीठ कसे करतात, असे मी सहज विचारले. तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते, मग उपसून, सावलीत सुकवून, ओलसर असतानाच कुटून, गूळ घालून ते पीठ मुरत ठेवावे लागते. आणि एवढे करून कढईत अनारसा ‘हसला’, म्हणजे विरघळून तुपात पसरला, की करणारीचे तोंड रडवेले होते. ती बिस्किटे करणाऱ्या मुलीला यातले सगळे ठाऊक होते. तिची चेष्टा करणाऱ्या तिघांना काहीच ठाऊक नव्हते. मग संस्कृती कोणाच्या हाती जास्त सुरक्षित होती, हे ज्याने त्याने ठरवावे.

‘हे आपले नव्हे’ हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकले आहे की त्याची एकदा झडतीच घेतली पाहिजे. आपल्या फराळाच्या ताटाचीच घेऊ. चिवड्यातली मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात इकडे उतरली. त्याआधी आपले पूर्वज तिखटासाठी मिऱ्यांवर भागवीत होते. चिवड्यातला शेंगदाणा त्याच खंडातला, बटाट्याचा कीसही तिकडचाच. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदसुद्धा ब्राझीलकडचा. आणि तो खाऊन आपण एकादशी पाळतो! शंकरपाळ्याचा मैदा गिरणीचा. वनस्पती तुपाचा ‘डालडा’ १९३७ साली बाजारात आला. तेव्हा त्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांच्या नातवंडांना आज डालड्यातल्या खुसखुशीत शंकरपाळ्यांशिवाय दिवाळी दिवाळी वाटत नाही. ताटातून परके जिन्नस वेचून काढायचे ठरवले तर मागे काय उरेल? पोहे, बेसन, तूप आणि गूळ. तेवढ्यावर लाडू होतील खरे. पण चिवड्याची वाटी हातात धरून बोलणाऱ्या आमच्या न्यायाधीशांची पंचाईत होईल.

आणि भट्टीत भाजणे तर आपल्याला मुळीच परके नाही. आमच्या नगरात, म्हणजे २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर झालेल्या शहरात, माझ्या लहानपणी दिवाळीआधी आठ दिवस बेकरीपुढे बायकांची रांग लागत असे. घरून रवा, मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोड्याची पूड डब्यांतून न्यायची. तिथल्या लाकडी फळ्यांवर पीठ मळायचे. पत्र्याच्या लांबोड्या तव्यांवर नानकटाया मांडायच्या. आणि आपल्या तव्याच्या कडेला कागदाची चिठ्ठी अडकवून वाट पाहत बसायचे. विटांची ती भट्टी पहाटे लाकडांनी तापवलेली असे. कडक आचेवर आधी पाव निघायचे, मग आच उतरू लागली की खारी आणि टोस्ट, आणि अगदी शेवटी, भट्टीच्या पोटात नुसती ऊब उरली की नानकटाया आत जायच्या. हा क्रम कोणा पुस्तकातला नव्हे. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या फावड्याने तवा आत सरकवीत आणि घड्याळाकडे न बघता नेमक्या वेळी बाहेर ओढीत. आईने तूप जास्त घातले की ते म्हणायचे, “वहिनी, ही पसरणार.” आणि ती पसरायची. तीन परीक्षकांपेक्षा मोठा परीक्षक होता तो. पण त्याने कधी कोणाला रडवले नाही.

ही नानकटाई तरी कुठली? सुरतेच्या डच वखारीतली भट्टी एका पारशाच्या हाती आली आणि तिच्यातून ही निघाली, असे सांगतात. म्हणजे डचांची भट्टी, पारशाचे हात, नाव फारसी वळणाचे, भाजणारे आमचे चाचा आणि खाणारे आम्ही, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. त्या काळी कोणी संस्कृती बुडाल्याची बोंब ठोकल्याचे मला स्मरत नाही. तेव्हा सगळ्यांचे लक्ष डबा घरी पोचेपर्यंत किती नानकटाया कमी होतात, याकडेच असायचे.

उलट दिशेचेही एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव या मातीशी कायमचे जोडलेले आहे. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले त्यांना राहुरी आणि नगर ही गावे पुन्हा निराळी सांगावी लागत नाहीत. आमच्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला केक होतो तसा करंज्या, चकल्या आणि लाडवांचा फराळही होतो. डिसेंबरात शेजारून रुमालाने झाकलेले ताट येते. त्यात एका बाजूला केकचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला रव्याचा लाडू असतो. ते दोघे एकमेकांना टोचत नाहीत. टोचते ते फक्त पाहणाऱ्याला, तेही पडद्यावर दिसले तर.

‘आपले’पणाचा एवढाच कळवळा असेल तर आमच्या मंडळींनी जरा घराजवळ पाहावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण भाताचे, वालाचे, भाज्यांचे गावठी वाण त्यांनी मडक्यांत आणि मातीच्या कोठ्यांत जपून ठेवले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही सर्वांनी अभिमानाने माना डोलावल्या. मग आपल्या चकलीच्या भाजणीत कोणते तांदूळ पडतात, हे किती घरांत विचारले गेले? करंजीच्या पोटात चॉकलेट गेले की आपण खवळतो. तिच्या पोटातला तांदूळ, खोबरे, साखर कुठून आले याची आपल्याला गंधवार्ता नसते.

साखरेचेच घ्या. फराळ गोड झाला तो आमच्या जिल्ह्यामुळे, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग गावोगाव धुराडी दिसू लागली. त्या धुराड्यांखाली ऊस येतो तो कोयत्याने तोडून. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आणि शेजारच्या बीडची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाची उचल फिटेपर्यंत काम. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरतात तेव्हा काही बाके रिकामी असतात, आणि ती का रिकामी आहेत हे विचारण्याचीही गरज आम्हां शिक्षकांना पडत नाही. ज्या पोराची आई ऊस तोडते त्याच्या फडावरच्या कोपीत दिवाळीला कढई चढते की नाही, याबद्दल मी एकाही प्रेक्षकाचा संताप अद्याप ऐकलेला नाही. अनारशाचे बिस्किट झाले याचा मात्र ऐकला आहे.

कोणी म्हणेल, बाई विषयांतर करताहेत. करीत नाही. संताप ही मोजून मिळालेली वस्तू आहे. ती कशावर खर्चायची हे माणूस ठरवतो, आणि त्यावरूनच तो कळतो.

साहेबांच्या देशातही हा प्रकार आहे, हे ऐकून आमच्या मंडळींना बरे वाटेल. तिकडे २०१० पासून केक-बिस्किटे भाजण्याची एक स्पर्धा चालते, हिरवळीवर तंबू ठोकून. नाताळाला तिचे खास भाग होतात. बक्षीस म्हणाल तर केक ठेवायची एक बैठक आणि फुलांचा गुच्छ, एवढेच! तरी २०१४ साली एका स्पर्धकाचे आइस्क्रीम दुसरीने शीतपेटीबाहेर ठेवले, ते वितळले, त्याने रागारागाने सगळा पदार्थ केराच्या टोपलीत टाकला, आणि ज्यांनी तो पदार्थ पाहिलाच फक्त, अशा शेकडो लोकांनी तक्रारी गुदरल्या. पुढच्या वर्षी नादिया हुसेन ही बांगलादेशी कुळातली मुलगी जिंकली. लगेच कुजबूज सुरू झाली की तिला तिच्या वर्णामुळे आणि डोक्यावरच्या वस्त्रामुळे जिंकू दिले.  २०१६ साली राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक मात्र तिने केला.

आपल्याकडे ‘मास्टरशेफ इंडिया’ २०१० साली सुरू झाले. पहिल्या वर्षी जिंकलेल्या पंकज भदौरिया या लखनौच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि नोकरी सोडून स्पर्धेत उतरल्या होत्या. आमच्या पेशात याचे कौतुक व्हायला हवे होते, माझ्या कानांवर आले ते “शिकून शेवटी चुलीपाशीच गेली ना!” एवढेच. २०१५ चे पर्व संपूर्ण शाकाहारी केले तेव्हा अर्धे प्रेक्षक चिडले की बहुसंख्य देशाच्या जिभेचा हा अपमान आहे. २०२३ च्या पर्वात एका शाकाहारी स्पर्धक बाईंना मासळीऐवजी पनीर दिले तर प्रेक्षक चिडले की हा पक्षपात आहे. यातल्या एकेका आक्षेपात तथ्य असेलही. दुसऱ्यात तर आहे असेच मला वाटते, कारण नियम सर्वांना एक हवेत. पण त्या पर्वात आसामचे नयनज्योती सैकिया जिंकले, आसामच्याच सांता सरमा दुसऱ्या आणि आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बागुल तिसऱ्या आल्या. त्यांनी काय रांधले हे विचारा. भांडण सगळ्यांना आठवते, पदार्थ कोणालाच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ‘त्यात रडण्यासारखे काय आहे? आमच्या आईने जन्मभर रांधले, कधी बक्षीस मागितले का?’ हा चौथ्या परीक्षकाचा लाडका सवाल. पडद्यावरची बाई केक बसला म्हणून डोळे टिपू लागली की हा हमखास येतो. मला त्या अश्रूंचे फार कौतुक आहे असे नाही. पाठीमागे सारंगी लावून ते वाढवलेले असतात हे मलाही दिसते. पण आईने बक्षीस मागितले नाही, याचा अर्थ तिची परीक्षा झाली नाही असा नव्हे. परीक्षा रोज होत होती. फक्त उत्तीर्ण झाल्याचा दाखला मिळत नव्हता.

कोणत्याही घरात दिवाळीची पहिली चकली तळली की काय होते ते आठवा. ती कर्त्या पुरुषापुढे जाते. तो ती मोडतो, कानाशी नेल्यासारखी करतो, आणि म्हणतो, “यंदा जरा तेल प्यायली.” झाले! भाजणी भाजताना हात पोळले, उकड मळताना मनगट भरून आले, सोऱ्या दाबताना खांदा गेला, यांची नोंद कुठेच नाही. मोहन जास्त पडले की चकली तेल पिते आणि कढईत विरघळते, कमी पडले की दात पाडते, उकड सैल झाली तर तिला काटा येत नाही. म्हणजे चार वाट्यांना दोन-तीन चमच्यांचा हिशेब सांभाळायचा, तोही भाजणी दर वर्षी निराळे पाणी मागते हे ध्यानात ठेवून. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि घराघरांत गेले, ते उगीच नाही. वाटी-चमच्याचे माप हाती आले, तेव्हा नव्या सुनेला पहिल्यांदा सांगता आले की चूक माझी नाही, प्रमाणाची आहे. त्या पुस्तकाने किती जणींची दिवाळी वाचवली असेल!

घरातला परीक्षक प्रमाण विचारीत नाही. तो ‘माझ्या आईसारखी झाली नाही’ म्हणतो, आणि त्याच्या आईला तिच्या सासऱ्याने हेच ऐकवलेले असते. दूरचित्रवाणीवरचे परीक्षक निदान स्पर्धकाला नाव घेऊन हाक मारतात, ‘साटा चांगला जमला, पण सारण कोरडे पडले’ असे कारण देतात. हरलेल्या बाईला निरोप देताना सगळे उठून टाळ्या वाजवतात. माझ्या ओळखीच्या एक आजी हा कार्यक्रम नेमाने पाहतात. त्यांना चॉकलेटची करंजी आवडत नाही, तसे त्या स्पष्ट बोलतात. मग पाहता कशाला, असे विचारले तर म्हणाल्या, “अगं, ते शेवटी सगळे उभे राहतात ना, ते बघायला.”

आमच्या ‘आम्ही सारे खवय्ये’वर कोणी फारसे चिडले नाही, याचेही कारण इथेच आहे. २००७ पासून कितीतरी वर्षे प्रशांत दामले हसतहसत घास घेत आणि वाहवा करीत. तिथे बायकांनी करायचे आणि पुरुषाने खायचे, ही घरातलीच मांडणी होती. स्पर्धेत मात्र बाई जिंकायला उभी राहते. चॉकलेटचे नाव पुढे असते. खुपते ते हे.

कार्यक्रमांना दोष नाही असे मी म्हणत नाही. फराळ हा वाटायचा जिन्नस. दहा घरी ताट जाते, दहा घरून येते, रिकामे परत करायचे नसते. पडद्यावर तो चिमट्याने पांढऱ्या बशीत मांडतात, तीन घास खातात आणि पुढे त्याचे काय होते ते देव जाणे. शिवाय साट्याच्या करंजीला तासाचा गजर लावणे म्हणजे शुद्ध जुलूम. हे सांगायला हवे, जरूर सांगावे. पण ते सांगण्याचा अधिकार ज्याने एकदा तरी कणिक तिंबली आहे त्याला. तो पुरुष असला तर मी त्याचे दुप्पट लक्ष देऊन ऐकेन.

आणखी एक जागा आहे, जिथे या परंपराप्रेमाची खरी परीक्षा होते. दिवाळीआधी सावेडीकडे बचत गटाच्या बायका टेबले मांडून फराळ विकतात. रात्री चॉकलेटच्या लाडवावर तोंडसुख घेणारे गृहस्थ सकाळी तिथे अस्सल भाजणीची चकली हातात घेऊन उभे असतात आणि विचारतात, “एवढी महाग? आहे काय त्यात, डाळ-तांदूळच ना!” मागच्या वर्षी माझ्या देखत एकाने किलोमागे वीस रुपये कमी करून घेतले. शेजारच्या बेकरीत त्याने केक घेतला, तेव्हा काचेवर लिहिलेली किंमत निमूटपणे मोजली.

त्या टेबलामागच्या बाईंनी यंदा चकलीचा दर किलोमागे चाळीस रुपयांनी वाढवला आहे आणि पाठीमागे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: ‘भाजणीचे नव्हे, भाजण्याचे पैसे.’ मी दोन किलो सांगून ठेवली आहे. शिक्षकखोलीसाठी आणखी अर्धा किलो.